नऊ ठिपक्यांचं कुलूप

बायको गेली आणि जाताना फोनला कुलूप लावून गेली.

तिचा दोष नाही. कुलूप दोन वर्षांपासून होतं आणि ते माझ्यामुळेच लागलं होतं. त्याचं असं झालं की माझा फोन दुरुस्तीला गेला होता, म्हणून मी इंदूचा फोन घेऊन क्रिकेटचा स्कोअर बघायला बसलो. नुकतीच आंघोळ झालेली, कमरेला पंचा. कुठे बोट लागलं देव जाणे, स्कोअरच्या जागी माझी गावची मेहुणी शेवंती दिसायला लागली. शेवंतीच्या मागे तिची सून, सुनेच्या मागे सत्यनारायणाला आलेले पाहुणे, सगळे हातात प्रसाद घेऊन माझ्याकडे बघतायत. मी घाबरून उभा राहिलो. (उभं राहायला नको होतं. पंच्याची गाठ सैल होती.) त्यानंतर त्या गावात मी जावई म्हणून दोन वर्षं पाऊल ठेवलेलं नाही.

त्याच संध्याकाळी इंदूने आमच्या मुलीला, वैशूला, दहिसरहून बोलावून घेतलं आणि म्हणाली, ह्याला कडी घालून दे. वैशूने आधी बोटाच्या ठशाचं कुलूप करून बघितलं. फोन काही इंदूचं बोट घेईना. घेणार कुठून? आयुष्यभर भांडी घासून आणि पाट्यावर वाटण वाटून तिच्या बोटांवरच्या रेघा केव्हाच झिजल्या होत्या. रेशनच्या दुकानातसुद्धा तिचा अंगठा उमटत नसे. आकड्यांचं कुलूप नको म्हणाली, मी विसरते. मग वैशूने ते ठिपक्यांचं काढलं. तीन ओळी, ओळीत तीन-तीन ठिपके. त्यांच्यावरून बोट न उचलता एक रेघ ओढायची. तीच रेघ पुन्हा ओढली की फोन उघडतो, दुसरी ओढली की नाही. "आई, तुझी तू ठरव, मलासुद्धा दाखवू नकोस," असं म्हणून वैशूने तोंड भिंतीकडे केलं. माझं तोंड आधीपासूनच भिंतीकडे होतं, मी रुसून झोपलो होतो. अशा तऱ्हेने घरात तीन माणसं असून साक्षीदार एकही नाही!

श्रावणात इंदू गेली. दोन दिवस ताप, तिसऱ्या दिवशी हॉस्पिटल, पाचव्या दिवशी संपलं. त्याबद्दल इथे लिहीत नाही. हसायला आलेल्या माणसाच्या पानात ते वाढू नये.

फोटो घरात पुष्कळ आहेत. भिंतीवर एक आहे, हार घातलेला, त्यात ती माझ्याकडे अशी बघते की मी चप्पल घालूनच घरात आलोय. पण दिवाळीनंतर एका सकाळी चहा पिताना माझ्या लक्षात आलं की ती मला हाक कशी मारायची ते मला आठवत नाही. शब्द आठवतो. 'अवो.' सूर आठवेना. मोठ्याने म्हणून बघितलं तर माझाच घोगरा आवाज आला, आणि खिडकीतलं कबूतर उडालं.

वैशूला फोन केला. ती म्हणाली, बाबा, आई मावशीला बोलून निरोप पाठवायची ना, टाइप कुठे यायचं तिला, ते सगळे असतील. मी लगेच गावी शेवंतीला फोन लावला (साधा, नुसत्या आवाजाचा). शेवंती रडली, मग नाक शिंकरलं, मग म्हणाली, "भावोजी, ता सगळा मी पुसलंय. फोन भरलो म्हणान." विचारलं, भरला कशाने? तर रोज सकाळी येणाऱ्या शुभ सकाळच्या फुलांनी. फुलं ठेवली होती आणि बहीण पुसली होती. मी फोन ठेवून दिला. आमच्यातलं नातं आधीच पंच्यामुळे नाजूक आहे.

म्हणजे इंदूचा आवाज जगात एकाच जागी उरला होता. तिच्या फोनात, त्या नऊ ठिपक्यांच्या मागे. दुसरीकडे कुठे आपोआप साठवून ठेवायची सोय असते म्हणे, ती इंदूने बंद करून ठेवली होती. नेट खातं म्हणून.

मुलुंड स्टेशनजवळ एक मोबाइलवाला आहे, त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, काका, फॉरमॅट मारून देतो, पाच मिनिटांत फोन नव्यासारखा, पण आतलं सगळं जाणार. मी म्हटलं, मला नवा फोन नको, जुनी बायको पाहिजे. तो जरा वरमला. मग त्याने एक युक्ती सांगितली. माणूस रोज काचेवर तीच रेघ ओढतो, बोटाला तेलकटपणा असतो, त्याचा माग काचेवर राहतो. फोन उजेडात तिरका धरला की रेघ दिसते. त्याने माझ्या हातातून फोन घेतला, उजेडात धरला, डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, आणि म्हणाला, "काका, ही काच एवढी चकाचक कुणी केली?"

मी केली.

माझं शिक्षण सातवी. भांडुपच्या कारखान्यात छत्तीस वर्षं फिटर होतो. दसऱ्याला हत्यारं घासूनपुसून पूजायची हे हाडात मुरलेलं आहे. घरात वर्षाचं दुःख होतं, सण करायचा नव्हता, पण हत्याराला कसलं सुतक? पाना, पक्कड, माझा फोन आणि तिचा फोन, चौघांना पाटावर मांडलं. तिच्या फोनवर फोडणीच्या तेलाचे, पिठाचे, हळदीचे नुसते थर होते. दोन वर्षांची तिची बोटं त्या काचेवर होती. मी ती आधी ओल्या फडक्याने पुसली, मग जुन्या बनियनने घासली, मग वर हळद-कुंकू वाहिलं. (कुंकू चार्जिंगच्या भोकात गेलं, ते वेगळंच.) चोराने केलं नसतं ते मी भक्तिभावाने केलं.

आता उपाय एकच, आठवणारी माणसं गोळा करायची. शेजारच्या मोरेवहिनी रोज दुपारी इंदूबरोबर आमच्या दारात बसून लसूण सोलायच्या. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, मी दुसऱ्याच्या फोनात कधी डोकावत नाही, आणि लगेच सांगितलं की इंदूताईंची रेघ वरून खाली येऊन उजवीकडे वळायची. ओढली. फोन थरथरला, उघडला नाही. मग त्यांनी मजल्यावरच्या आणखी तिघींना हाक मारली. मग आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी गुरव आले, कारण चार बायका जमल्या की गुरवांना ती मीटिंग वाटते. प्रत्येकजण म्हणे, थांबा, मला आठवतंय, आणि रेघ ओढे. पाच वेळा चुकलं की फोन म्हणायचा, अर्धं मिनिट थांबा. मग एक मिनिट. मग पाच. तेवढ्यात चहा व्हायचा.

कुणी कुठली रेघ ओढली याचा हिशेब राहावा म्हणून मी कारखान्याच्या सवयीने कॅलेंडरच्या मागे नोंद करायला घेतली. दर माणशी नऊ ठिपके, त्यावर त्याने सुचवलेली रेघ, खाली नाव आणि खोली नंबर. झकास तक्ता झाला. वैशू संध्याकाळी ऑफिसातून परस्पर माझ्याकडे आली, तोवर दहा रेघा झाल्या होत्या आणि फोन पाऊण तास थांबा म्हणत होता. त्याच्याखाली आणखी एक ओळ आली होती ती तिने वाचली आणि मटकन बसली. आणखी पाच वेळा चुकलात तर फोनमधलं सगळं पुसलं जाईल.

"हे असं कुणी करून ठेवलं?" मी विचारलं.

"मीच," वैशू म्हणाली. "चोराच्या हाती लागला तर म्हणून."

पाच. मी सगळ्यांना नमस्कार करून घरी पाठवलं आणि ठरवलं की आता डोकं शांत ठेवून काम करायचं. आणि डोकं शांत ठेवून मी तो तक्ता खाली लिफ्टजवळच्या फळ्यावर लावला. वर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'माझ्या कै. पत्नीच्या फोनची रेघ यांपैकी नाही. दुसरी कुणाला ठाऊक असल्यास सातव्या मजल्यावर कळवावे.'

आता मला काय ठाऊक, की माणसाला दुसऱ्याची रेघ आठवायला सांगितली की तो स्वतःचीच काढतो? मोरेवहिनींनी जी इंदूची म्हणून ओढली ती मोरेवहिनींचीच होती. गुरवांनी ओढली ती गुरवांची. बाकी तिघींचं तेच. बोटाला जी सवय असते तीच वाट ते धरतं. थोडक्यात, आमच्या मजल्यावरच्या यच्चयावत कुलपांच्या किल्ल्या मी नाव आणि खोली नंबरासकट लिफ्टजवळ टांगल्या होत्या. लिफ्टला आमच्याकडे वेळ लागतो. लोक वाचत उभे राहतात.

पहिला स्फोट मोऱ्यांकडे झाला. मोरे भाजी घेऊन आले, तक्ता वाचला, आणि पिशवीसकट माझ्या दारात. त्यांचा मुद्दा एवढाच होता की त्यांच्या बायकोची आणि सेक्रेटरी गुरवांची रेघ एकच कशी. वरून खाली, मग उजवीकडे. अगदी तीच. गुरवांना बोलावलं गेलं. गुरव म्हणाले, योगायोग. मोरे म्हणाले, योगायोग की संगनमत? मोरेवहिनी म्हणाल्या, ह्या वयात संगनमत करायचं तर मी गुरवांशी करीन होय? (हे गुरवांना लागलं.) वैशू मध्ये पडली. तिने सांगितलं की निम्मी मुंबई हीच रेघ ठेवते, वरच्या डाव्या कोपऱ्यात बोट ठेवायचं आणि कोपरा वळायचा, लोकांना आळस असतो. मोऱ्यांना पटेना. तेव्हा वैशूने मोऱ्यांच्या शर्टाच्या खिशातला फोन काढला, वरून खाली, मग उजवीकडे अशी रेघ ओढली. उघडला! समोर टकलावर केस उगवायच्या तेलाचं पान होतं आणि खाली मोऱ्यांनी विचारलेला प्रश्न, 'महिन्यात फरक पडेल का?' मोऱ्यांनी भाजीची पिशवी उचलली आणि आपल्या घरी गेले. संगनमताचा विषय पुन्हा निघाला नाही.

त्या संध्याकाळी अख्ख्या इमारतीने रेघा बदलल्या. सोप्या नकोत, कुणाला जमणार नाहीत अशा पाहिजेत. कुणी कोळ्याचं जाळं काढलं, कुणी विजेसारखी वेडीवाकडी. सकाळपर्यंत ती कुणालाच जमेना, मालकालासुद्धा. माझ्या मजल्यावर तीन फोन बंद पडले. त्यातला एक गुरवांचा.

गुरवांचा फोन साधा नव्हता. त्या दोन दिवसांत आमच्या भागात पाइपलाइनचं काम होतं, पाणी बंद. टँकरवाल्याचा नंबर गुरवांच्या फोनात, आणि फक्त गुरवांच्या फोनात, कारण तो नंबर दुसऱ्या कुणाला दिला तर सेक्रेटरीला विचारतो कोण. सत्तावीस बिऱ्हाडं बादल्या घेऊन जिन्यात. मला बघितलं की जो तो बादली जोरात खाली ठेवत होता. खरं सांगतो, मी रोज सकाळी बाथरूममध्ये नळ सोडून रडतो, आवाज बाहेर जात नाही. त्या दिवशी नळच नव्हता. रडणं दुसऱ्या दिवसावर ढकललं.

दुपारी शेवंतीचा फोन. तिला वैशूकडून सगळं कळलं होतं आणि फुलं ठेवून बहीण पुसल्याचं तिच्या मनाला लागलं होतं. ती सकाळीच गावच्या देवळात जाऊन कौल लावून आली होती. आमच्या कोकणात काही अडलं की देवाच्या पाषाणाला पाकळ्या चिकटवतात आणि गाऱ्हाणं घालतात. उजवीकडची पाकळी पडली की देव हो म्हणाला, डावी पडली की नाही. गुरवाने (हा देवळातला, आमचा नव्हे) खास गाऱ्हाणं घातलं होतं. तिने ते मला म्हणून दाखवलं. "बा देवा म्हाराजा, माझ्या भयणीच्या फोनाक जा काय कुलूप लागला हा, ता उघडून दी रे म्हाराजा!" आणि पाकळी उजवी पडली.

देवाने हो म्हटलं होतं, उघडेल एवढंच. पण मी अडाणी. मला वाटलं देवाने रस्ता दाखवला, उजवीकडची रांग. मी वैशूची वाट न बघता उजवी रांग वरपासून खालपर्यंत ओढली, आणि तीनच ठिपके फोन मोजत नाही म्हणून खालचा मधला चौथा घेतला. फोन थरथरला. चार उरल्या. देवावर राग काढता येईना, तो स्वतःवर काढला, आणि फोनने थांबायला सांगितलेला वेळ संपल्या संपल्या त्याच रागात इंदूचा 'इ' काढायला गेलो. सातवी पास माणसाने बोट न उचलता 'इ' काढू नये. तीन.

मग वैशू आली, दहिसरहून. इथे पाणी नाही म्हणून घावण्यांचं पीठ घरूनच भिजवून डब्यात आणलं होतं. आल्या आल्या माझ्या हातातून फोन काढून फ्रीजवर ठेवला, लहान मुलापासून कात्री ठेवतात तसा. बाबा, आधी खा, म्हणाली. तवा तापवला, वाटीने पीठ घेतलं आणि तव्याच्या मधोमध ओतलं.

मी म्हटलं, "असं नाही. हा काय डोसा आहे? तुझी आई कडेने ओतायची. कडेकडेने फिरवत यायचं आणि शेवटी मध्ये."

"तुम्ही कधी बघितलंत आई घावणे कशी करायची ते?"

"बघितलं नाही, खाल्लं. कड जाळीदार असायची आणि मध्ये जाड लागायचं. जे शेवटी ओततात ते जाड राहतं. एवढं फिटरला कळतं."

वैशूने दुसरी वाटी घेतली आणि कडेने ओतायला लागली. एक फेरा मारून मध्ये आली आणि तिचा हात तसाच राहिला, वाटी तव्यावर तिरकी. "बाबा," ती म्हणाली, "आई फोन उघडताना बोट असंच फिरवायची का हो?"

आता ते मलाही दिसलं. समोरून नाही, पाठीमागून. इंदू खिडकीपाशी बसलेली, मान खाली, खांदा गोल फिरतोय आणि शेवटी एक टिचकी, मध्ये. तिला अक्षर कधी आवडलं नाही, ती कशाला 'इ' काढील? आठ ठिपके कडेचे, एक मधला. झालं घावण!

आम्ही दोघं फ्रीजवर असे धावलो की घावण करपलं ते पुढे शेजाऱ्यांनी वासावरून सांगितलं.

वैशूने वरच्या डाव्या कोपऱ्यातून सुरुवात केली, उजवीकडे, खाली, डावीकडे, वर, मध्ये. थरथरला. दोन. तासभर थांबा. तो तास आम्ही समोरासमोर बसून काढला, मध्ये फोन ठेवून, जसे पंच बसतात. तासाने वैशूने खालच्या डाव्या कोपऱ्यातून काढून बघितलं, तव्याची मूठ तिकडे असते म्हणून. थरथरला. एक.

वैशूने फोन पालथा ठेवला. तिचा चेहरा इंदूसारखा झाला, गंभीर झाली की होतो. म्हणाली, "बाबा, आता राहू दे. बंद असलं तरी आई आत आहे. ही शेवटची चुकली तर तेवढंही नाही."

बरोबर बोलत होती. मी शहाणा असतो तर ऐकलं असतं. फोन कपाटात ठेवला असता, तिच्या साड्यांत. पण बंद पेटीत ठेवलेल्या आवाजाचं मी काय करू? पूजा? ती एकदा करून झाली होती.

मी उठलो आणि गॅसपाशी गेलो. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली, त्या ओट्यासमोर ती जिथे उभी राहायची तिथे मी त्या दिवशी पहिल्यांदा उभा राहिलो. लादी तिथे झिजलेली आहे, हे सुद्धा तेव्हा कळलं. वैशूने नळाकडच्या शेगडीवर केलं होतं, मी भिंतीकडच्या, इंदूच्या शेगडीवर तवा ठेवला, वाटी उचलली, आणि डाव्या हाताला नळ, उजव्या हाताला भिंत. उजवा हात भिंतीवर आपटला. इथे उजव्या हाताने काम करताच येत नाही. मग ती कशी करायची?

"वैशू," मी म्हटलं, "तुझी आई डावरी होती."

वैशू म्हणाली, "देवा."

पंगतीत वाढताना इंदू उजवा हात वापरायची, माझ्या आईच्या धाकाने. फोटोतसुद्धा आरती उजव्याच हातात. पण एकटी असली की सगळं डाव्याने. मी वाटी डाव्या हातात घेतली आणि तव्यावर ओतायला लागलो. माझं घावण रत्नागिरी जिल्ह्याच्या नकाशासारखं झालं, पण हात कुठून निघाला ते कळलं. वरच्या उजव्या कोपऱ्यातून. तिथून डावीकडे, मग खाली, मग उजवीकडे, मग जरा वर, आणि मध्ये.

तास संपायची वाट बघितली. वैशू म्हणाली, तुम्हीच काढा. माझी बोटं फिटरची, जाड, एका वेळी दोन ठिपके झाकणारी. पिठाचीच होती, धुवायला पाणी नव्हतं. डावं बोट वरच्या उजव्या कोपऱ्यावर ठेवलं. दारात मोरेवहिनी, मोरे, गुरव आणि रिकाम्या बादल्या घेतलेली माणसं उभी होती, कधी आली कळलं नाही. मी रेघ ओढली. डावीकडे, खाली, उजवीकडे, वर, मध्ये.

फोन थरथरला नाही.

मागे एका बादलीवर कुणीतरी थाप मारली, मग सगळ्यांनी मारली, टँकर आल्यासारखा आवाज झाला. खालच्या मजल्यावरचे खरंच बादल्या घेऊन धावत वर आले.

वैशूने मावशीचं पान उघडलं. वरपासून खालपर्यंत नुसते आवाजाचे निरोप, शेकड्याने. म्हणाली, कुठला लावू? मी म्हटलं, कुठलाही लाव, पण जोरात. मी खुर्चीत बसलो. सगळ्यांनी बादल्या खाली ठेवल्या. मोऱ्यांनी टोपी काढली, मग टक्कल आठवलं आणि परत घातली.

आणि इंदू बोलायला लागली. तीच. शेवंतीला सांगत होती की काल मासळीबाजारातून सौंदाळे आणले, गो, पण बघायला होते तेवढे चवीला नव्हते, आणि मोरेवहिनींनी लसूण सोलता सोलता अर्धा घरी नेला. (मोरेवहिनी रडत होत्या, त्यांनी ऐकलं नाही.) अशी चांगली रमलेली असताना मध्येच तिचा आवाज वर चढला, तोंड फोनपासून वळलं आणि घरात खणखणला.

"अवो! दूद उतू जाता! गॅस बंद करा बगूया!"

मी खुर्चीतून उठलो, पंचा सावरत (पंचा नव्हता, पॅंट होती, पण हात सवयीने गेला) स्वयंपाकघरात धावलो आणि गॅसचं बटण बंद केलं.

गॅसवर काही नव्हतं. बटण आधीच बंद होतं, आणि मी ते बंदवरून चालू करून ठेवलं होतं. वैशूने मागून येऊन ते फिरवलं आणि मला हाताला धरून परत खुर्चीत बसवलं. कुणी हसलं नाही, म्हणून मीच हसलो.

सेहेचाळीस वर्षांच्या संसारात बायकोच्या पहिल्या हाकेला मी उठलो तो हा एकदाच, आणि तेव्हासुद्धा उशीरच झाला होता.